सिस्टरांचा राजीनामा

१

राजीनामा सकाळी नऊ चाळीसला सापडला. अध्यक्षांच्या कार्यालयाबाहेर टपालासाठी एक लाकडी पेटी आहे. तिच्यातल्या सतरा लिफाफ्यांपैकी अकरावा तो निघाला. बंद लिफाफा, वर फक्त "मा. अध्यक्ष" एवढंच. पेटीत कोण काय टाकून जातं याची नोंद कुणी ठेवत नाही.

मला बोलावणं आलं तेव्हा मी आदल्या दिवशीच्या कामकाजाची प्रत तपासत होतो. मी विधानसभेत प्रतिवेदक होतो. सभागृहात जो जे बोलेल ते लघुलिपीत जसंच्या तसं उतरवून घ्यायचं, हे माझं काम. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांची वाक्यं लिहिली. स्वतःचं बोलायची वेळ फारशी आली नाही.

अध्यक्षबाई खुर्चीत होत्या. समोर सिस्टर उभ्या होत्या, हात मागे बांधून. सिस्टर म्हणजे आमच्या सभागृहातल्या सगळ्यात जुन्या महिला आमदार. निवडून येण्याआधी चौदा वर्षं सरकारी रुग्णालयात नर्स होत्या. तेव्हापासून हेच नाव चालत आलं होतं. मतदार त्यांना सिस्टर म्हणायचे आणि मंत्रीही सिस्टरच म्हणायचे.

"वाचा," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि टेबलावरचा कागद माझ्याकडे सरकवला.

शाळेतल्या फळ्यावर असतं तसं स्वच्छ अक्षर, प्रत्येक शब्दावर सरळ रेघ ओढलेली. मजकूर असा:

"मा. अध्यक्ष महोदय,
मी माझ्या सदस्यत्वाचा राजीनामा देत आहे. कुणी सांगितलं म्हणून नाही. घरानं माझ्यासाठी भरपूर सोसलं, आता मी घरासाठी थोडं सोसते."

खाली सही आणि कोपऱ्यात आजची तारीख.

"मी राजीनामा दिलेला नाही," सिस्टर म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आपल्या सभागृहाचा नियम तुम्हा दोघांनाही पाठ आहे. पूर्वी लोक सोमवारी राजीनामा द्यायचे आणि बुधवारी परत मागायचे, म्हणून तो नियम केला. अक्षर सदस्याचं, सही सदस्याची, तारीख सदस्याच्या हातची. असा कागद माझ्या हाती पडला की जागा रिकामी. परत घ्यायची सोय नाही. सिस्टर फक्त एवढं म्हणाल्या की हे अक्षर माझं नाही, तर मी तो तज्ज्ञांकडे पाठवते. अहवाल यायला पंधरा दिवस लागतील आणि तोवर त्या सदस्य राहतील. पण त्या तसं म्हणत नाहीत."

"मी काय म्हणायचं ते म्हटलंय," सिस्टर म्हणाल्या.

"तीन वाजता मतदान आहे. मजकूर या खोलीबाहेर गेलेला नाही, जाणारही नाही. पोलिसांना बोलावलं तर तोही अर्ध्या तासात गावभर होईल." अध्यक्षबाई माझ्याकडे वळल्या. "बावीस वर्षं यांचं प्रत्येक वाक्य तुम्ही लिहिलंय. हे वाक्य यांचं आहे का, एवढं मला सांगा."

मी कागद पुन्हा वाचला. सिस्टर सरळ माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरेत विनवणी नव्हती.

"वाक्य त्यांचंच आहे," मी म्हणालो.

२

त्या दिवशी काय पणाला लागलं होतं ते मला ठाऊक होतं.

शहराच्या मधोमध असलेलं सरकारी रुग्णालय बावीस किलोमीटर बाहेर हलवायचं आणि मोकळ्या जागेवर दुकानांच्या इमारती उठवायच्या, असं विधेयक सरकारनं आणलं होतं. सिस्टर सरकारी पक्षातल्याच. पण महिनाभर आधीच त्यांनी सांगून टाकलं होतं, "कळा सुरू झालेली बाई बावीस किलोमीटर कशी जाईल ते मला दाखवा, मग मी हात वर करते." कुणी दाखवलं नाही. मतांची मोजदाद अशी होती की सिस्टर विरोधात गेल्या तर विधेयक एका मतानं पडणार. त्या नसल्या तर बरोबरी होणार, आणि बरोबरी झाली की अध्यक्षांचं मत सरकारकडे जातं.

पक्षानं आदेश काढला होता. आदेशाविरुद्ध मत दिलं की आमदारकी जाते, तसा कायदाच आहे. म्हणजे मत दिल्यावर काही आठवड्यांत सिस्टर घरी जाणारच होत्या. त्यांना ते माहीत होतं, तरी त्या मत देणार होत्या.

त्या आधीपासूनच तशा. रुग्णालयात असताना रात्रपाळीच्या नर्सांना बसायला स्टूलसुद्धा नसे, म्हणून यांनी अधीक्षकांची खुर्ची उचलून वॉर्डात आणून ठेवली आणि निलंबन ओढवून घेतलं. त्यातून संप झाला, संपातून निवडणूक. पहिल्यांदा अपक्ष म्हणून उभ्या राहिल्या तेव्हा प्रचाराला नवऱ्याची सायकल होती आणि नवरा होता. सभागृहातलं त्यांचं पहिलं भाषण चाळीस सेकंदांचं, माझ्याकडे नोंद आहे: "मी नवीन आहे. मला नियम माहीत नाहीत. पण माझ्या गावच्या दवाखान्यात पाणी नाही हे मला माहीत आहे आणि मंत्र्यांनाही माहीत आहे. मग आपण दोघं इथे काय करतोय?" पुढच्या आठवड्यात पाणी आलं.

नियम त्यांनी नंतर शिकून घेतले आणि ते वापरून सगळ्यांच्या नाकात दम आणला. आताच्या अध्यक्षबाई तीन वर्षांपूर्वी निवडून आल्या. पहिल्याच दिवशी कुणी तरी सवयीनं "अध्यक्ष महोदय" म्हणाला, तर सिस्टर हरकतीचा मुद्दा घेऊन उभ्या राहिल्या. अर्धा तास वाद झाला. मी दोन वह्या भरल्या.

साडेदहाला मी सदस्य निवासात त्यांच्या खोलीवर गेलो. खिडकीशी टेबल, टेबलावर विधेयकाची प्रत, तिच्यात खुणेच्या चिठ्ठ्या. चिठ्ठ्यांवरचं अक्षर आता मला वेगळं वाटत नसे. दोन वर्षांपूर्वी रुग्णालयाच्या फाटकाशी झालेल्या रेटारेटीत त्यांचं उजवं मनगट मोडलं. तेव्हापासून शब्दांवर रेघ ओढायची त्यांनी सोडून दिली होती. भाषणाच्या प्रती त्यांच्याकडे दुरुस्तीला जायच्या, त्यावरच्या दुरुस्त्या अशाच बोडक्या अक्षरात परत यायच्या.

"या लिहिणारे," त्या म्हणाल्या. "बसा. वही काढलीत ना? मग लिहा. मी राजीनामा दिलेला नाही."

"ते सकाळी लिहिलं. आता मी विचारतो ते सांगा. तो तुम्ही लिहिलाय का?"

त्यांनी मनगट चोळलं. बाहेर व्हरांड्यात कुणी तरी खुर्च्या सरकवत होतं.

"सिस्टर, 'लिहिला नाही' एवढे दोन शब्द. पंधरा दिवस मिळतील. मत देऊन मोकळ्या व्हाल."

"ते दोन शब्द खोटे आहेत."

"मग खरं काय ते सांगा."

"नाही." त्यांनी विधेयकाची प्रत मिटली. "तीन वाजता मी आत जाणार. माझ्या जागेवर बसणार. त्यांना वाटलं तर दोन शिपाई बोलावून मला उचलून बाहेर काढतील. काढू देत. वजन बहात्तर किलो आहे म्हणावं."

त्या हसल्या. मी हसलो नाही. कागद त्यांनीच लिहिला होता हे आता त्यांच्याच तोंडून कळलं होतं. तो पेटीत टाकला कुणी हे त्यांना माहीत होतं, किंवा माहीत आहे असं वाटत होतं. आणि त्या माणसासाठी त्या आपली आमदारकी, आपलं मत आणि ते रुग्णालय, सगळं सोडायला तयार होत्या.

३

प्रतोद त्यांच्या दालनात पाय टेबलाखाली ताणून बसले होते. प्रतोद म्हणजे पक्षाचा आदेश सदस्यांच्या गळी उतरवणारा माणूस. गळी उतरवताना ते नेहमी हसत.

"या, या. आज लिहायचं सोडून चौकशीला निघालात?"

"अध्यक्षांनी सांगितलंय."

"सांगणारच. बाईमाणसांची एकी." त्यांनी फोन उलटा ठेवला. "खरं सांगू का? मला राजीनामा हवाच होता. चार वेळा मागितला. चारही वेळा तिनं मला दारातूनच चहा न देता परत पाठवलं. आज आपोआप आला, तर मी नको म्हणू? काय लिहिलंय हो तिनं? आम्हाला शिव्या घातल्यात का?"

"मजकूर सांगता येणार नाही."

"म्हणजे घातल्यात." ते मनापासून खूश झाले. "सभागृहात वाचून दाखवला तर मला आधी सांगा, मी कानात बोटं घालतो."

हा माणूस काय वाटेल ते करू शकला असता. पण कागदात काय आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, एवढी माझी खात्री पटली. जाता जाता मी विचारलं, "जागा रिकामी झाली तर तिथे उमेदवार कोण?"

"बघू. बावीस वर्षं मतदारसंघात राबलेली माणसं काही कमी नाहीत," प्रतोद म्हणाले आणि पुन्हा फोन उचलला.

बावीस वर्षं राबलेला माणूस तळमजल्यावर बसला होता. सिस्टरांचा स्वीय सहायक. त्यांची पत्रं, त्यांचे दौरे, त्यांच्या वतीनं तारखा टाकणं, शिक्के मारणं, सगळं त्याच्याकडे. टेबलावर टपालाचे गठ्ठे दोरीनं बांधून ठेवलेले आणि पेन्सिली लांबीप्रमाणे लावलेल्या. मला बघून तो उठून उभा राहिला. डोळे लाल होते.

"काही कळेना साहेब. सकाळपासून फोन वाजतोय. लोक विचारतायत, सिस्टर खरंच गेल्या का? मी काय सांगू?"

"तुम्ही राजीनामा पाहिलात?"

"मला कोण दाखवणार? आला एवढं कानावर आलं."

"मग लिहिला असेल असं वाटतं तुम्हाला?"

त्यानं एक पेन्सिल उचलून दुसऱ्या जागी ठेवली. "थकल्या आहेत त्या. दाखवत नाहीत. त्यांचे यजमान गेले तेव्हा आठ दिवसांत परत सभागृहात. लेकीच्या लग्नात दोन तास, मग दौरा. माणूस किती दिवस ओढणार? घरानं त्यांच्यासाठी भरपूर सोसलं, आता त्या घरासाठी थोडं सोसतायत, एवढाच अर्थ घ्या. त्यात वाईट काही नाही. मी तर म्हणतो, सन्मानानं जाऊ द्यावं."

मी सवयीनं सगळं लघुलिपीत उतरवत होतो. हात लिहितो तेव्हा कान पुढच्या वाक्याकडे असतो, मागचं वाक्य डोक्यात राहत नाही. हा आमच्या धंद्यातला दोष आहे.

"आणि एक सांगू का," तो आवाज खाली आणत म्हणाला. "सांगू नये, घरातली गोष्ट आहे. पण तुम्ही फाटकावरचं पुस्तक बघालच. सकाळी नऊला त्यांची लेक इथे येऊन गेली. गेल्या आठवड्यात दोघींचं भांडणही झालं होतं."

४

सदस्य निवास आणि सभागृह एकाच आवारात, फाटक एकच. तिथल्या पुस्तकात नोंद होती. आत आठ पंचावन्न, बाहेर नऊ दहा.

लेक डॉक्टर. आईनं जिथे नोकरी केली त्याच रुग्णालयात बाळंतपणाच्या विभागात. मी पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. बाहेरच्या बाकांवर बायका बसल्या होत्या. एकीचा नवरा दुसरीच्या सासूला जागा देत होता. डॉक्टर हात पुसत बाहेर आल्या आणि मला औषधांच्या कपाटामागच्या छोट्या खोलीत घेऊन गेल्या.

"आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या. त्या सदस्य निवासात खाली देऊन आले. ती अंघोळीला गेली होती, भेट झाली नाही," त्या म्हणाल्या. "काय झालंय?"

"गेल्या आठवड्यात तुमचं आईशी भांडण झालं?"

"कुणी सांगितलं?" मग स्वतःच मान हलवली. "झालं. माझ्या गाडीची काच फोडली कुणी तरी. आत चिठ्ठी होती, आईला समजाव म्हणून. मी घाबरले. घरी मूल आहे माझं. मी तिला म्हणाले, आई, आता पुरे. सोड हे सगळं. ती काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते."

अध्यक्षबाईंनी मजकूर बाहेर जाणार नाही असं म्हटलं होतं. मी त्यांना तिथूनच फोन करून परवानगी मागितली, डॉक्टरांना सकाळपासूनचं सगळं सांगितलं आणि अध्यक्षबाईंनी बंद पाकिटात दिलेली राजीनाम्याची छायाप्रत त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी वाचली. मग मागे न बघताच हातानं खुर्ची चाचपली आणि बसल्या.

"हे बाबांसाठी लिहिलं होतं," त्या म्हणाल्या.

"कधी?"

"चार वर्षं झाली. बाबा इथेच होते, वरच्या मजल्यावर. शेवटचे पंधरा दिवस. आई अधिवेशन सोडून यायची, परत जायची. एक दिवस आली आणि हा कागद त्यांच्या हातात दिला. म्हणाली, 'तुम्ही म्हणाल तेव्हा देते.' बाबांनी चष्मा मागितला, वाचला आणि हसले. म्हणाले, 'तारीख घातली नाहीस. म्हणजे तुलाही द्यायचा नाही.' मग म्हणाले, 'मी गेल्यावर घरात बसून माझ्या नावानं रडत बसलीस तर मला काय सुख?' आईला म्हणाले, जा, मतदान आहे ना संध्याकाळी. आणि ती गेली."

बाहेरून एका तान्ह्याचं रडणं येत होतं, अगदी नवं.

"कागद कुठे गेला मग?"

"बाबांच्या उशाशी त्यांची रुग्णालयाची फाइल असायची, त्यात त्यांनी घालून ठेवला. मी पाहिलं. नंतर सगळं इतक्या घाईत झालं…" एकदम त्यांनी वर पाहिलं. "थांबा. आई गप्प का आहे? ती सांगत का नाही की हा जुना आहे म्हणून?"

"सांगितलं तर पुढचा प्रश्न येतो, की तो कुणाकडे होता. दुसऱ्याच्या राजीनाम्यावर तारीख घालणं हा गुन्हा आहे. डॉक्टरची नोंदणी जाऊ शकते."

त्यांना समजायला क्षणभर लागला.

"तिला वाटतंय मी दिला," त्या म्हणाल्या. "आणि म्हणून ती… अशी कशी आहे ही बाई." डोळ्यांत पाणी होतं, पण आवाजात रागच जास्त होता. "माझी नोंदणी वाचवायला हे रुग्णालय घालवणार? विचारलं तरी का मला?"

"डॉक्टर, ती फाइल आता कुठे आहे?"

"घरी नाही. मृत्यूचा दाखला काढायचा होता. आम्हाला कुणाला उभं राहायचं त्राण नव्हतं. मी ती दिली…"

पुढचं नाव ऐकायची मला गरज उरली नव्हती. मी वही उघडली, तळमजल्यावर लिहिलेलं पान काढलं आणि पहिल्यांदाच ते वाचलं.

५

दोन वाजून दहा मिनिटांनी अध्यक्षबाईंच्या खोलीत आम्ही सहा जण होतो. सिस्टर दाराजवळ उभ्या. लेक आत आली तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. प्रतोद कोचावर. सहायक हातात वही घेऊन, जणू बैठकीची टिपणं घ्यायला आलेला.

"बोला," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पन्नास मिनिटं आहेत."

"हे अक्षर सिस्टरांचं आहे, सहीही त्यांची आहे," मी म्हणालो. प्रतोदांनी हात पसरले, झालं तर मग, अशा अर्थानं. "पण हा कागद आजचा नाही. पहिली ओळ बघा. 'अध्यक्ष महोदय' लिहिलंय. तीन वर्षांपूर्वी सिस्टरांनी याच शब्दावरून अर्धा तास सभागृह अडवून धरलं होतं. त्यानंतर त्यांच्या तोंडून किंवा हातून 'महोदया'शिवाय दुसरा शब्द आलेला नाही. माझ्याकडे सगळ्या प्रती आहेत. हा कागद अध्यक्षांच्या खुर्चीत पुरुष बसत होता तेव्हाचा आहे."

अध्यक्षबाईंनी कागद जवळ ओढला.

"चूक होऊ शकते," प्रतोद म्हणाले. "घाईत माणूस काहीही लिहितो."

"होऊ शकते. पण मनगटाची चूक होत नाही. दोन वर्षांपूर्वी हात मोडल्यापासून सिस्टर शब्दांवर रेघ ओढत नाहीत. त्यांच्या दुरुस्तीच्या चिठ्ठ्या मी आणल्या आहेत, एकशे चौदा आहेत. एकावरही रेघ नाही. इथे प्रत्येक शब्दावर आहे. मजकूर जुना आहे, तारीख मात्र आजची. आकड्यांवर रेघ नसतेच, त्यामुळे तारीख दुसऱ्या हातानं घातली तर पटकन ओळखू येत नाही. विशेषतः तो हात बावीस वर्षं सिस्टरांच्या पत्रांवर तारखा घालत असेल तर."

सहायकानं वही मिटली.

"अंदाज झाले हे," तो म्हणाला.

"सकाळी मी तुम्हाला विचारलं, राजीनामा पाहिलात का? तुम्ही म्हणालात, मला कोण दाखवणार." मी माझं पान वर धरलं. "त्यानंतर तुम्ही म्हणालात, 'घरानं त्यांच्यासाठी भरपूर सोसलं, आता त्या घरासाठी थोडं सोसतायत.' मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं, माझा धंदाच तो आहे. आता अध्यक्षांनी राजीनाम्याची शेवटची ओळ वाचावी."

अध्यक्षबाईंनी वाचली. प्रतोदांनी सहायकाकडे पाहिलं आणि कोचावर जरा बाजूला सरकले, जणू तो अंगाला लागेल.

"सहज तोंडातून आलं असेल," सहायक म्हणाला. "लोक असं बोलतात."

"म्हणून मी डॉक्टरांना विचारलं, वडिलांची फाइल कुणाला दिली."

"यांना," लेक म्हणाली. "दाखला काढायला. दाखला परत आला. फाइल नाही आली. मला विचारायचं सुचलंही नाही, इतका विश्वास होता."

सिस्टर लेकीकडे वळल्या.

"तू नव्हतीस," त्या म्हणाल्या.

"मी असते तर तुझ्यासमोर दिला असता," लेक म्हणाली. "लपून कशाला? तुझीच मुलगी आहे मी."

सहायक आता खाली बसला होता. त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं. "चार वर्षं तो कागद माझ्या कपाटात होता," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "फाडून टाकणार होतो. रोज फाडणार होतो. बावीस वर्षं मी यांची भाषणं लिहिली. एकही यांनी वाचलं नाही. कागद बाजूला ठेवायच्या आणि उभं राहून मनातलं बोलायच्या. टाळ्या पडायच्या. मला वाटायचं, एकदा आपणही उभं राहावं. मला शब्द दिला होता की जागा मोकळी झाली तर…"

"मी काही शब्द दिला नव्हता," प्रतोद घाईनं म्हणाले.

"तुमचं नाव त्यानं अजून घेतलं नव्हतं," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांनी पेन उचललं. "तारीख सदस्याच्या हातची नाही. कागद रद्द. प्रकरण पोलिसांकडे जाईल. सिस्टर, तुम्हाला काही सांगायचंय?"

मला वाटलं होतं, बावीस वर्षांच्या माणसासाठी त्या काही तरी शब्द टाकतील.

"गुन्हा नोंदवा," सिस्टर म्हणाल्या. मग सहायकाकडे बघून, "भाषणं चांगली होती तुझी. पण माझ्या लोकांबद्दल तू नेहमी 'लाभार्थी' लिहायचास. मला त्यांची नावं माहीत होती, म्हणून मी वाचत नव्हते. तुझ्या बायकोला सांग, तिला माझं दार उघडं आहे. तुला नाही."

६

तीन वाजता घंटा झाली. मी माझ्या टेबलाशी बसलो.

आमच्याकडे मतदानाला प्रत्येक सदस्य आपल्या जागी उभा राहतो आणि आपला क्रमांक मोठ्यानं सांगतो. आधी बाजूनं असणारे, मग विरोधातले. बाजूच्यांचे आकडे संपले. विरोधी बाकांवरून एकेक जण उभा राहू लागला. मग सरकारी बाकांच्या तिसऱ्या रांगेत सिस्टर उठल्या.

"बसा," प्रतोद दबक्या आवाजात म्हणाले. माझ्या टेबलापर्यंत ऐकू आलं. "आमदारकी जाईल. घर जाईल, पास जाईल, सगळं जाईल. बसा."

"जाऊ दे," सिस्टर म्हणाल्या आणि आपला क्रमांक इतक्या मोठ्यानं सांगितला की वरच्या सज्जातले लोकही पुढे झुकले. आणखी मोठ्यानं त्या म्हणाल्या, "मला राजीनामा देता येत नाही. मला काढावं लागतं. काढा."

अध्यक्षबाईंनी घंटा वाजवली आणि ते वाक्य कामकाजातून वगळायला सांगितलं. मी वगळलं, छापील प्रतीत ते नाही. माझ्या वहीत आहे.

विधेयक एका मतानं पडलं.

सहा आठवड्यांनी सिस्टरांची आमदारकी गेली. आदेश त्याच अध्यक्षबाईंनी काढला, नियमाप्रमाणे. सिस्टर तो घ्यायला स्वतः आल्या. "तुमचं बरोबर आहे," त्या अध्यक्षबाईंना म्हणाल्या, "आणि माझंही बरोबर आहे." दोघींनी चहा घेतला. सहायकाला वर्षभराची शिक्षा झाली. प्रतोदांवर काहीच सिद्ध झालं नाही, ते आता मंत्री आहेत. पोटनिवडणुकीला सिस्टर अपक्ष उभ्या राहिल्या आणि तीनशे सहा मतांनी पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात केसपेपरच्या रांगा लावत होत्या. रुग्णालय होतं तिथेच होतं, त्यामुळे रांगाही होत्या.

दोन वर्षांनी पुन्हा निवडणूक लागली. मी तोवर निवृत्त झालो होतो. अपक्ष उमेदवाराला दहा सूचक लागतात. पहिली सही लेकीची होती, दुसरी माझी. आम्ही अर्ज भरायला गेलो तेव्हा टेबलामागचा अधिकारी तरुण होता, दुसऱ्या गावाहून बदलून आलेला. त्याला सिस्टर कोण ते माहीत नव्हतं.

"वय?"

"सदुसष्ट."

"पक्ष?"

"नाही."

"यापूर्वी सभागृहाचे सदस्य होता?"

"होते. बावीस वर्षं."

त्यानं वर पाहिलं. "मग सदस्यत्व संपलं कसं? मुदत संपून, राजीनामा देऊन की अपात्र ठरून?"

"अपात्र ठरून."

"कारण लिहावं लागेल," तो जरा अवघडून म्हणाला आणि फॉर्म त्यांच्यापुढे फिरवला.

सिस्टरांनी चष्मा लावला आणि त्या रकान्याकडे पाहिलं. बोटभर लांबीची एक रेघ होती.

"एवढ्यात मावणार नाही," त्या म्हणाल्या. "पुरवणी द्या."